‘तू आता त्यांच्या बाजूची झालीस का?’

प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील २६ वर्षांच्या एका भगिनीने पाठविलेल्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. समाजकार्यात पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर त्या एका खासगी शाळेत समुपदेशक म्हणून काम करतात. कारागृहातील बंदी आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने त्यांना शेजारच्या जिल्ह्यात समाजसेविका म्हणून नेमण्याची तयारी दाखविली आहे. करार अकरा महिन्यांचा आहे. ‘माणसे मुळापासून बदलावीत, ही माझी फार दिवसांची ओढ आहे,’ असे त्या लिहितात. वडिलांचा मात्र ठाम विरोध आहे. ‘चोर-दरोडेखोरांत बसणाऱ्या मुलीला स्थळ कोण आणील?’ असे ते विचारतात. याहून मोठी अडचण मामाच्या घरची आहे. चार वर्षांपूर्वी गावातल्या भांडणात त्यांचा मामेभाऊ मारला गेला. खटला अजून चालू आहे, दोन आरोपी जामिनावर सुटले आहेत आणि एक तुरुंगात आहे. या नोकरीविषयी कळल्यावर मामींनी एवढेच विचारले, ‘तू आता त्यांच्या बाजूची झालीस का?’ ही नोकरी म्हणजे घरच्या माणसांशी प्रतारणा ठरेल का, आणि या क्षेत्रात पुढे काही भवितव्य आहे का, असे या भगिनी विचारतात.

उत्तर

तुमच्या ‘माणसे मुळापासून बदलावीत’ या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण या कामात तुम्ही टिकाल की वर्षभरात खचून परत याल, हे वडिलांच्या विरोधापेक्षा या एका वाक्यावर अधिक अवलंबून आहे, असे मला वाटते. त्यामागची तळमळ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. मात्र या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. तुरुंगातला प्रत्येक जण गुन्हेगार आहे, ही पहिली. आणि त्याच्या आत जे काही बिघडले आहे ते बाहेरून आलेल्या शिकल्यासवरल्या, सहृदय माणसाला दुरुस्त करता येते, ही दुसरी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या २०२२ च्या कारागृहविषयक अहवालानुसार त्या वर्षअखेरीस देशातल्या १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे बोलीभाषेत ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते. चारांतल्या तिघांवरचा आरोप सिद्ध झालेला नव्हता. पहिल्या दिवशी तुमच्यासमोर येऊन बसणारा माणूस बहुधा यांच्यापैकीच असेल. त्याने काय केले, मुळात काही केले की नाही, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आणि त्याला सुधारण्याची घाई आपण केली तर न्यायालयाच्या आधी आपणच निकाल दिल्यासारखे होते. शिवाय तो तुमच्याकडे येतो तो पश्चात्ताप सांगायला येत नाही. ‘मॅडम, माझी पुढची तारीख कधी आहे?’ ‘सरकारने दिलेला वकील कोण, त्यांचे नाव तरी कळेल का?’ ‘घरी एक फोन लागला तर बघा ना.’ तुमच्या वहीचे पहिले पान अशाच प्रश्नांनी भरेल.

हे काम जवळून कसे दिसते ते सांगते. समजा, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला एक तरुण ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरल्याच्या आरोपावरून आत आहे. न्यायालयाने त्याला पंधरा हजार रुपयांचा जामीन मंजूर केला, पण तो भरायला जामीनदार हवा, आणि जामीनदार म्हणून उभा राहील असा, ज्याच्या नावावर सातबारा किंवा घर आहे असा ओळखीचा माणूस त्याला या जिल्ह्यात नाही. ज्या टोळीबरोबर तो आला, ती मुकादमाने दुसऱ्या कारखान्यावर हलविली आहे आणि बायको त्या टोळीबरोबर गेली आहे. मोबाइल मुद्देमालात जमा आहे आणि त्यातला एकही नंबर त्याला पाठ नाही. जामीन होऊनही तो बराकीतच राहतो आणि आपल्याला जामीन मिळाला आहे, हेही त्याला कधीकधी कळलेले नसते. अशा वेळी समाजसेविकेने गावाचे नाव विचारायचे, तिथल्या ग्रामपंचायतीत फोन करून सरपंच किंवा ग्रामसेवकाकडून भावाचा नंबर मिळवायचा, आधी संशयाने आणि मग रागाने बोलणाऱ्या त्या भावाला शांतपणे सगळे समजावून सांगायचे, शिधापत्रिका आणि घरपट्टीची पावती मागवून घ्यायची, ती कागदपत्रे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांकडे द्यायची आणि जामिनाची अट शिथिल करण्याचा अर्ज होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा करायचा. तो घरी गेला की तुमचे काम बहुधा संपते. त्याचे मन मुळापासून बदलले की नाही, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. या अपुरेपणासह समाधानी राहता येईल का, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

अशा कामाला कायद्याचे बळ आहे आणि ते नीट माहीत असणे ही तुमची मोठी ताकद ठरेल. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे आणि महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर अटी बदलण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेले गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याचा विचार व्हायला हवा, आणि इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. मात्र एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असलेल्यांना हा लाभ मिळत नाही. गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये योजना आणली असून तिच्यातून जामिनासाठी आणि दंड भरण्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत साहाय्य मिळू शकते; योजना आली तेव्हा या मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होत्या. नियम कागदावर आहेत. पण कोणाची एक तृतीयांश मुदत कधी पूर्ण होते, हे वहीत लिहून ठेवणारा आणि त्या तारखेला अर्ज पुढे सरकविणारा माणूस प्रत्येक तुरुंगात नसतो. तो माणूस होण्याची ही नोकरी आहे. हस्तलिखित नोंदी, न्यायालयाच्या तारखा, टपाल आणि फोन यांचा तुम्हाला कंटाळा असेल तर आधीच सांगते, दिवसातला मोठा वेळ त्यांतच जाईल.

मग सुधारणा होतच नाही का? होते, आणि ती पाहिलेली माणसे आपल्याच भागात आहेत. सांगोल्याच्या पलीकडे, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेला साथ दिली आणि १९३९ मध्ये गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींविना, शेतावर, कुटुंबासह राहू देणारी ही वसाहत सुरू झाली. आजही ती राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत आहे. तिथे माणसांना रोजचे काम मिळाले, जवळ बायकामुले राहिली आणि पळून जाणे शक्य असतानाही न पळण्याचा निर्णय रोज सकाळी त्यांचा त्यांनाच घेता आला. सुधारणा म्हणून जे काही घडते ते अशा परिस्थितीत घडते, असे माझे मत आहे. ते बाहेरच्या माणसाच्या प्रवचनाने घडलेले मी ऐकलेले नाही. म्हणून शिक्षाबंद्यांसाठी काम करताना त्यांची घराशी असलेली दोरी तुटू न देणे, हे समाजसेविकेचे सर्वांत मोलाचे काम ठरते. संचित रजेच्या (फर्लो) किंवा अभिवचन रजेच्या (पॅरोल) अर्जात नातेवाइकाचे हमीपत्र कमी पडते, गावातून प्रतिकूल अहवाल येतो, मुलगी वडिलांना भेटायला नकार देते. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मध्ये उभे राहावे लागते. मुलांना आईवडिलांना काचेआडून न भेटता जवळ घेऊन भेटता यावे म्हणून आपल्या कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम होतो, आणि त्या दिवशी मूल तिथवर पोहोचावे यासाठी आधी अनेक फोन, एसटीचे भाडे आणि रुसलेल्या आजीची समजूत काढणे लागते. मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यातील शिक्षाबंद्यांसाठी ‘जिव्हाळा’ ही योजना सुरू केली, तिच्यात कारागृहातल्या कामाच्या मोबदल्यातून फेडता येईल असे ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ७ टक्के व्याजाने मिळते. आत बसलेला बाप मुलीच्या फीसाठी पैसे पाठवू शकतो, याचा त्या बापावर होणारा परिणाम आपल्या कितीतरी तासांच्या समुपदेशनापेक्षा खोल असतो.

सुटका झाल्यानंतरचा काळ मला सर्वांत कठीण वाटतो आणि याच टप्प्यावर काम करणारी माणसे सर्वांत कमी आहेत. सुटलेल्या माणसाला खोली भाड्याने मिळत नाही, आधार कार्डावरचा पत्ता अस्तित्वात नसलेल्या झोपडीचा असतो, आणि पूर्वीचे साथीदार मात्र पहिल्याच संध्याकाळी दारात हजर असतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत आणि पुढे इतरत्र पोलीस ठाणी, कारागृहे आणि न्यायालये यांत काम करीत आहे, आणि सुटलेल्यांना काही काळ विद्यावेतनासह कामाचा अनुभव मिळवून देणे हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग राहिला आहे. नेमणूक देणारी तुमची संस्था सुटकेनंतर माणसाशी किती महिने संपर्क ठेवते, हे तिला नक्की विचारा. ‘सुटला की आमचे काम संपले’ असे उत्तर आले तर पुनर्वसन हा शब्द तिथे केवळ अहवालात आहे, असे समजा.

वडिलांच्या बोलण्यामागे स्थळाच्या काळजीबरोबर अंगावर येणाऱ्या धोक्याचीही भीती असावी. तुरुंगाच्या आत तुम्ही कार्यालयात किंवा ठरवून दिलेल्या जागी, शिपायांच्या नजरेसमोर बसून बोलता. माझ्या समजुतीप्रमाणे रात्रीच्या शेवटच्या एसटीने एकटीने परत येणे हा रोजचा धोका अधिक मोठा आहे आणि त्याची सोय संस्थेने करायला हवी. तुम्ही ज्याची तयारी करायला हवी तो धोका निराळा आहे. कोणीतरी फार गोड बोलून ‘एवढी चिठ्ठी घरी द्या’ म्हणेल. कोणाची आई बाहेर गाठून ‘हे पाचशे रुपये आत पोचवा’ म्हणेल. दोन्ही वेळा करुणा दाटून येईल, आणि दोन्ही वेळा नाही म्हणायचे आहे. कारण एका चिठ्ठीपायी संस्थेची परवानगी गेली तर उरलेल्या शेकडो जणांचा आधार जातो. लोक तुमच्याशी खोटे बोलतील. ज्याच्यासाठी तुम्ही तीन महिने धावलात तो सुटल्यावर पुन्हा त्याच कलमाखाली आत आलेला दिसेल आणि तुमच्याकडे पाहून मान फिरवील. त्या दिवशी घरी गेल्यावर जेवण जाणार नाही. असे प्रसंग ज्यांच्याशी बोलता येतील असे अनुभवी पर्यवेक्षक संस्थेत आहेत का, हे पगारापेक्षाही आधी विचारा. कारागृह कर्मचाऱ्यांशी वैर धरून हे काम होत नाही, हेही लक्षात असू द्या. क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे भरलेल्या बराकी अपुऱ्या मनुष्यबळावर सांभाळणारा शिपाई तुमच्याकडे प्रथम एक जास्तीची कटकट म्हणून पाहील, आणि त्याचा विश्वास वेळ पाळणे, नियम पाळणे आणि दिलेला शब्द पाळणे यांनीच मिळेल. मात्र आत मारहाण किंवा पिळवणूक दिसली तर ती पर्यवेक्षकांमार्फत लेखी कळविण्याची तयारी हवी. सलोख्यापायी गप्प राहणे या कामात बसत नाही.

भवितव्याविषयी विचारता, तर तुरुंगाच्या आतली ही नेमणूक म्हणजे या क्षेत्राचे एकच दार आहे, हे पत्र वाचणाऱ्या इतर तरुणांनीही ध्यानात घ्यावे. माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक पद परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचे आहे. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमानुसार न्यायालय दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. २१ वर्षांखालील तरुणाला, गुन्हा जन्मठेपेइतका गंभीर नसेल तर, तुरुंगात पाठविण्यापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो आणि तुरुंगच का हवा याची कारणे लिहायची असतात. या कायद्याच्या कलम १२ मुळे अशा सुटकेनंतर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही त्या माणसाला चिकटत नाही. एखाद्या विशीतल्या मुलाचे सगळे आयुष्य ज्या अहवालावर फिरू शकते तो अहवाल लिहिणारा अधिकारी आपल्या राज्यात महिला व बाल विकास विभागाच्या अखत्यारीत येतो आणि भरतीच्या जाहिराती पुण्याच्या आयुक्तालयाकडून निघतात. वकीलही या कायद्याचा आधार पुरेसा घेत नाहीत, ही मला सलणारी गोष्ट आहे. तुम्ही परीक्षेची तयारी करू शकत असाल तर या पदावर डोळा ठेवा, आणि आताची नेमणूक त्यासाठीचा पाया समजा.

तुमचा शाळेतला अनुभव पाहता विधिसंघर्षग्रस्त बालकांचे, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचे, क्षेत्रही तुम्हाला जवळचे आहे. निरीक्षणगृहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल न्याय मंडळ यांत समुपदेशक, समाजसेवक आणि परिविक्षा अधिकारी लागतात. मंडळाच्या तीन सदस्यांपैकी दोघे समाजसेवक असतात आणि त्यांतली एक स्त्री असावी लागते. २०१५ च्या कायद्यानुसार मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव त्यासाठी उपयोगी पडतो, त्यामुळे शाळेतली वर्षे वाया गेली, असे तुम्ही जे लिहिले आहे ते मला मान्य नाही. महिला बंद्यांच्या मुलांचे काम याला लागूनच आहे. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. त्याहून मोठ्या भावंडांचे बाहेर काय झाले, हे मात्र पुष्कळदा कोणी विचारलेलेही नसते, आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज त्यांच्यासाठी कोणीतरी भरायचा असतो.

समाजकार्याची पदवी नसलेल्या वाचकांसाठीही एक गोष्ट नोंदवते. कारागृह विभागाने २०२४ च्या सुरुवातीला काढलेल्या भरतीच्या जाहिरातीत शिक्षक होते, तसे शिवणकाम निदेशक, सुतारकाम निदेशक, बेकरी निदेशक, चर्मकला निदेशक, पंजा व गालिचा निदेशक, लोहारकाम निदेशक अशी पदेही होती. पैठणी विणायला, पाव भाजायला किंवा रंधा मारायला शिकविणारा निदेशक रोज बराच वेळ बंद्यांच्या सोबत असतो, आणि पुनर्वसनाचे काम करणाऱ्यांत त्याचे नाव आपण घेत नाही, हे मला खटकते. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक होणे हाही सुरुवातीचा चांगला मार्ग आहे. त्याने घर चालणार नाही, पण नोकरी न सोडता कारागृहातले विधी साहाय्य केंद्र आतून पाहता येईल.

तुमच्यासमोरच्या कराराबद्दल थोडे व्यवहाराचे बोलते. अकरा महिन्यांच्या नेमणुका या क्षेत्रात सर्रास असतात. निधी देणाऱ्याची मुदत संपली की प्रकल्प संपतो. म्हणून निधी किती वर्षांचा मंजूर आहे, कारागृहात काम करण्याची लेखी परवानगी कोणत्या तारखेपर्यंत आहे, पहिले काही आठवडे कोणाच्या हाताखाली शिकायचे आहे आणि प्रवासखर्च पगारात धरला आहे की वेगळा आहे, हे चार प्रश्न पत्राने विचारा आणि उत्तरेही पत्रानेच घ्या. शाळेचा राजीनामा देण्यापूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर न्यायालयात आणि बंद्यांच्या घरी जाऊन या. तुरुंगाच्या आत जाण्याची परवानगी लगेच मिळणार नाही, पण बंद्याच्या घरी जाऊन बसलात की या कामाची जातकुळी कळते. त्यानंतरही ओढ कायम राहिली तर होकार द्या. माझा कल तुम्ही हे काम करावे, या बाजूचा आहे, हे लपवून ठेवत नाही.

आता वडिलांविषयी. ‘चोर-दरोडेखोर’ हा शब्द त्यांनी ज्या सहजतेने वापरला, त्याला आपल्या जिल्ह्यात मोठा इतिहास आहे. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या माणसांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारांच्या कुंपणाआड ठेवले गेले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द होऊन ती माणसे विमुक्त झाली तरी गावात चोरी झाली की पहिला संशय आजही पारध्यांच्या पालावर जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला कारागृह नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामांची वाटणी रद्द करावी लागली, त्याच निकालात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानण्याच्या नोंदींचाही समाचार घेतला गेला. हे सारे वडिलांपुढे वाद म्हणून मांडू नका. ते एका मुलीचे वडील म्हणून घाबरले आहेत आणि घाबरलेल्या माणसाला इतिहास ऐकून धीर येत नाही. त्यांना संस्थेच्या कार्यालयात घेऊन जा, तिथे हेच काम करीत संसार करणाऱ्या ज्येष्ठ सहकारी भगिनींशी त्यांची भेट घालून द्या, तुम्ही कुठे राहणार, कितीला परतणार, अडचणीत कोणाला फोन करणार हे त्यांना स्वतः विचारू द्या. स्थळाचा प्रश्न उरेल. तुमच्या कामाची लाज वाटणारे घर लग्नाआधीच कळले तर त्यात तुमचे काही गेले, असे मला वाटत नाही, पण हे वाक्य वडिलांना पटायला वेळ लागेल आणि तो त्यांना द्यायला हवा.

मामींच्या प्रश्नाला मी मुद्दामच शेवटी आले, कारण त्याचे उत्तर युक्तिवादाने देता येत नाही. ज्या घरातले तरणे मूल मारले गेले, त्या घरापुढे न्यायाधीन बंद्यांचे आकडे किंवा सुधारणेचे तत्त्वज्ञान मांडणे निर्दयपणाचे होईल. त्यांना दिसते ते असे, की आरोपींना वकील मिळाला, जामीन मिळाला, आता समाजसेविकाही मिळणार, आणि आमच्या दारात चार वर्षांत कोणी आले नाही. यातला शेवटचा भाग खरा असेल तर त्यांचा राग योग्य ठिकाणी आहे. आपल्याकडे गुन्ह्याची झळ लागलेल्या कुटुंबाला साक्षीच्या दिवसापुरते बोलावले जाते आणि पुढची तारीखही पुष्कळदा शेजाऱ्यांकडून कळते. आरोपीला नीट वकील मिळणे आणि मृताच्या घराला आधार मिळणे या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाला लागतात, असे मी मानते. एकाचे हिसकावून दुसऱ्याला देण्याजोगे यात काही नाही; उलट तपास आणि बचाव दोन्ही धडपणे झालेल्या खटल्यातली शिक्षाच वरच्या न्यायालयात टिकते. पण हे मामींना तुमच्या बोलण्यातून पटणार नाही, तुमच्या वागण्यातून कदाचित पटेल.

त्यासाठी एक पथ्य कडकपणे पाळा. मामेभावाच्या खटल्यातला आरोपी ज्या तुरुंगात आहे, तिथली नेमणूक कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका. तो दुसरीकडून बदली होऊन तुमच्या तुरुंगात आला तर काय करायचे, हेही आधी ठरवून घ्या आणि या नात्याची माहिती संस्थेला रुजू होण्यापूर्वीच लेखी द्या. तुमच्यावर दबाव येऊ नये, आरोपीला अन्यायाची शंका येऊ नये आणि मामींना रात्री झोप लागावी, या तिन्हींसाठी ते आवश्यक आहे. ही अट सांगितल्यामुळे नेमणूक हातची गेली, तर ती संस्था तुमच्यासाठी नव्हती.

दुसरी गोष्ट अशी, की ज्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तुम्ही बंद्यांसाठी खेपा घालणार आहात, तेच कार्यालय गुन्ह्यातल्या पीडितांना आणि मृतांच्या वारसांना नुकसानभरपाई देण्याबाबत निर्णय घेते. पीडितांना अर्थसाहाय्य देण्याची राज्याची योजना २०१४ पासून आहे. सरकारी वकिलांना साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील नेमण्याचा आणि आरोपी निर्दोष सुटल्यास अपील करण्याचा हक्कही पीडिताच्या कुटुंबाला कायद्याने दिलेला आहे. मामांच्या घरून यांपैकी कशासाठी अर्ज झाला आहे का, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही, आणि माझा अंदाज आहे की झाला नसावा. नोकरीचा निर्णय काहीही होवो, या आठवड्यात मामींकडे जा. सुरुवातीला नोकरीचा विषय काढू नका. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत, दोषारोपपत्राचा क्रमांक आणि मृत्यूचा दाखला घरात कुठे ठेवला आहे, ते विचारा, आणि त्या तयार असतील तर पुढच्या तारखेला त्यांच्यासोबत न्यायालयात जाऊन सरकारी वकिलांना भेटा.